खुणेचे बटण

सन २००७. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. थंडी सरत आली होती. स्वेटर अंगावर सहन होत नव्हता आणि कपाटात ठेवायचा धीर होत नव्हता. अशा दिवसांत माणसे शिंकतात, घसरून पडतात आणि नको ते बोलून बसतात. त्या घरात तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. शिंकली बायको, पडले सासरे आणि बोलून बसले जावईबापू.

जावईबापू पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बिलांच्या टेबलावर होते. माणूस सरळ, आवाज बारीक. इतका बारीक, की फोनवर लोक त्यांना "बेटा, घरात मोठं कोणी आहे का?" असे विचारत. त्यांना कॉम्प्युटर येत होता. म्हणजे चालू करता येत होता, बंद करता येत होता आणि मधल्या वेळात त्याच्याकडे गंभीरपणे बघता येत होते. कचेरीत तेवढ्यावर भागत असे. घरी मात्र त्यांनी आपली कीर्ती जरा फुगवून सांगितली होती. (पुरुषाला संसारात कुठेतरी मोठे व्हावे लागते. उंचीने आणि आवाजाने ते जमले नव्हते.)

सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी शाळेत शिकवले नव्हते. शाळेत फारसे गेलेही नव्हते. हॉटेलांच्या हॉलमध्ये आणि क्लबांत त्यांनी आयुष्यभर अकॉर्डियन वाजवले. बायको गेल्यावर मुलीकडे राहायला आले ते चार शर्ट आणि अकॉर्डियन घेऊन. शर्ट खुर्चीवर राहिले, अकॉर्डियन पलंगावर. उरलेल्या जागेत मास्तर झोपत.

हे मास्तर बाथरूमच्या उंबऱ्यावर घसरले आणि डावे मनगट मोडून घेतले. बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टर झाले.

"दीड महिना," डॉक्टर म्हणाले.

"जमणार नाही," मास्तर म्हणाले.

"मला नका सांगू. हाडाला सांगा."

मास्तरांना घाई होती, कारण एक देणे बाकी होते. पैशाचे नव्हे. पस्तीस वर्षांपूर्वी, मुलगी जन्मली त्या संध्याकाळी मास्तरांना हॉटेलात वाजवायचे होते. मॅनेजर असा, की दांडी मारणाऱ्याने दुसऱ्या दिवशी यायचे ते हिशेब घ्यायलाच. जोडीला क्लॅरिनेटवाला होता. तो म्हणाला, "तू जा. मी बघतो." आणि त्याने ती अख्खी संध्याकाळ एकट्याने ओढली. साथ नसलेले क्लॅरिनेट म्हणजे गर्दीत हात सुटलेले पोर. पण लोक जेवत होते, मॅनेजर गल्ल्यावर होता, निभावले. दुसऱ्या दिवशी मास्तर त्याला म्हणाले, "एक संध्याकाळ तुझी माझ्याकडे राहिली."

क्लॅरिनेटवाल्याने ती कधी मागितली नाही. मास्तर कधी विसरले नाहीत. आणि आता, मनगट मोडायच्या आदल्याच दिवशी, त्याचा फोन आला होता. म्हाताऱ्याचे कान गेले होते. तो आपले बोलायचे तेवढे ओरडून बोलला.

"मार्चच्या पहिल्या रविवारी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात! ये, आणि तुझा तो वॉल्ट्झ वाजव! मला वरचं काही ऐकू येत नाही आता, पण खालचं येतं! तुझा बास ऐकायचाय!"

एवढे म्हणून त्याने फोन बायकोकडे दिला. मास्तरांनी तिला एकच शब्द सांगितला. "येतो."

आता येणार कसे? जेवणाच्या टेबलावर हाच विषय होता.

"मी वाजवते, बाबा," मुलगी म्हणाली.

"तुझा उजवा हात आहे. डावा कुठंय?"

खरे होते. लहानपणी ती मास्तरांच्या मांडीवर बसून उजव्या हाताच्या पट्ट्या वाजवी. भाता आणि डावी बाजू मास्तर सांभाळत. त्यामुळे वॉल्ट्झची चाल तिला झोपेतही येत होती, पण त्या चालीखालचा बास बाप डाव्या हाताने कसा वाजवतो हे तिने कधी पाहिले नव्हते. पाहण्यासारखे नसतेच. अकॉर्डियनची डावी बाजू वाजवणाऱ्यालाही दिसत नाही. तिथे बटणांच्या तिरक्या रांगा असतात आणि हात पट्ट्यात अडकवून, अंधारात जिना चढावा तसे वाजवायचे असते.

"मग दुसऱ्या कुणाला तरी सांगू या," जावईबापू म्हणाले.

"उसनं मी घ्यायचं आणि फेडायचं शेजाऱ्यानं?" मास्तर म्हणाले. "घरातल्या माणसानं फेडलं तर फिटतं. आणि झालंय ते हिच्याच पायी."

"माझ्या पायी?"

"नेमकी त्याच संध्याकाळी यायचं होतं तुला?"

मुलगी शिंकली. मग म्हणाली, "कागदावर लिहिलेलं असतं तर वाचून बसवलं असतं मी." लग्नाआधी ती काही वर्षे पियानो शिकली होती. स्वर वाचता येत होते. जरा अडखळत, पण येत होते. "पण तुमचा बास कागदावर आहेच कुठे?"

इथे जावईबापूंनी गप्प बसायला हरकत नव्हती. तोंडात घासही होता. पण त्यांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"त्यात काय एवढं? मी कॉम्प्युटरवर लिहून काढतो की."

बायकोने नवऱ्याकडे अशा नजरेने पाहिले, की तशी नजर त्यांना लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच मिळाली असेल. आता माघार घेणे शक्य नव्हते.

संगीत छापायचा एक प्रोग्राम मिळतो. कचेरीतल्या शिपायाचा भाचा एका बँडमध्ये होता. त्याच्याकडून तो आणि त्याची जाडजूड पुस्तिका आली. बैठकीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर, त्याच्यासमोर जावईबापू, शेजारी प्लॅस्टरचा हात मांडीवर घेतलेले मास्तर, अशी बैठक रोज संध्याकाळी भरू लागली.

स्वरांची नावे मास्तरांना ठाऊक नव्हती. बटणांचे पत्ते ठाऊक होते. तेच ते सांगत.

"खुणेचं बटण," मास्तर म्हणाले.

"कसली खूण?"

"खळगी असते. बोटाला लागते."

जावईबापूंनी पुस्तिका चाळली. खळगी असलेले बटण म्हणजे 'सी' हा स्वर, असे तिथे चित्रासकट छापले होते. त्यांनी 'सी' लिहिला.

आता एक गोष्ट सांगून ठेवतो. त्या घरात ती फक्त मास्तरांना ठाऊक होती. बोटाला पत्ता लागावा म्हणून सगळ्या अकॉर्डियनांवर ती खळगी 'सी'च्याच बटणावर असते. मास्तरांच्या अकॉर्डियनवर ती तिथे नव्हती. एकदा बाजा टेम्पोतून खाली पडला आणि बटणांच्या टोप्या रस्ताभर झाल्या. मास्तरांनी त्या वेचून परत बसवल्या. बसवताना खळगीची टोपी त्यांनी दोन बटणे वर, जिथून त्यांच्या स्वतःच्या चाली सुरू होत तिथे बसवली. घर आपले, तर पाटीही आपल्याला दिसेल तिथे लावावी, असा हिशेब. कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

"मग पलीकडच्या रांगेतलं, दोनदा. मग एक वर."

"वर म्हणजे छताकडे?"

"हनुवटीकडे."

"कोणाच्या?"

मास्तर मुलीकडे वळले. "यांना कचेरीत पगार देतात?"

पहिले पान झाले. जावईबापूंनी ते मोठ्या ऐटीत यंत्राकडून वाजवून दाखवले. मास्तरांनी थोडे ऐकले.

"हा कोण लंगडतोय?"

झाले होते असे, की वॉल्ट्झला तीन ठोके आणि जावईबापूंनी कागदावरच्या प्रत्येक घरात, म्हणजे दोन उभ्या रेघांच्या मध्ये, घातले होते चार. (पाण्याचे बिल तिमाही. वर्षाला चार. हाताला सवय.) प्रोग्राम बिचारा चौथा ठोका पुढच्या घरात ढकलत गेला होता, आणि पानाच्या शेवटी पोचेपर्यंत वॉल्ट्झचे तंगडे मोडले होते. मास्तरांनी तीन ठोके समजावून दिले. जड ठोका प्लॅस्टरने, हलके दोन उजव्या बोटांनी, टेबलावर. ढप्, टिक्, टिक्. ढप्, टिक्, टिक्. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची बाई वर आली आणि घरात दुरुस्तीचे काम किती दिवस चालणार आहे, असे विचारून गेली.

पुढची अडचण निराळी. पलीकडच्या रांगांतले एक बटण दाबले की तीन स्वर एकदम वाजतात. जावईबापूंनी प्रामाणिकपणे तिन्ही लिहिले. दर वेळी. छापलेले पान बायकोने उजेडाकडे धरले.

"अहो, यावर मुंग्या सांडल्यात का?"

पुस्तिकेत पाहिले, तर रीत वेगळी निघाली. तिथे एकच स्वर लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर अक्षर काढायचे. बाकीचे दोन स्वर बटण आपले आपण बघते. जावईबापू तीन संध्याकाळी मुंग्या पुसत बसले. पुसताना त्यांना प्रथमच वाटले, की बटणाला आपल्यापेक्षा जास्त कळते. हा विचार त्यांनी कोणाला बोलून दाखवला नाही.

पण काम झाले. शेवटी बास जिना उतरल्यासारखा एकेक बटण खाली येतो तो तुकडासुद्धा झाला. बायको दुपारी, नवरा कचेरीत असताना, मास्तरांचा बाजा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी सराव करू लागली. चाल पाठ होतीच. डाव्या हाताला कागद होता. कागदावर 'सी' दिसला की ती खळगीवर बोट ठेवी. कागद चूक होता. खळगी त्याहून चूक होती. आणि आवाज मात्र बरोबर येत होता. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात गळा घालून सुखाने नांदत होत्या. अशा संसारात तिसऱ्याने तोंड घालू नये.

शनिवारी जावईबापूंना सुटी होती.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. बायको आतल्या खोलीत नुसत्या उजव्या हाताने चाल घोळवत होती. जावईबापू बाहेर कॉम्प्युटरपुढे बसले होते. त्यांना वाटले, ती चाल वाजवते आहे, तर यंत्राकडून आपला बास तिच्या जोडीला लावून बघावा. आवाज बारीक ठेवला, कान स्पीकरला लावला आणि बटण दाबले.

एकाच भिंतीवर दोन शेजारी दोन बाजूंनी खिळे ठोकू लागले तर जे होईल ते झाले.

जावईबापूंनी झटकन यंत्र थांबवले. पहिल्या घरापासून शेवटच्या घरापर्यंत सगळेच चुकलेले! आत जाऊन बायकोला विचारले असते, तर ती म्हणाली असती, "मी दोन्ही हातांनी वाजवते तेव्हा तर छान लागतं." गोष्ट तिथे मिटली असती. पण विचारायचे म्हणजे चूक कबूल करायची. आणि ती त्या दिवशीची नजर, जेवणाच्या टेबलावरची, ती परत करावी लागली असती.

त्यांनी पुस्तिका उघडली. सगळे स्वर एका झटक्यात वर सरकवायची सोय प्रोग्राममध्ये होती. एक पायरी सरकवले. आणखी वाईट लागले. आणखी एक सरकवले आणि बास आतल्या चालीखाली असा जाऊन बसला, जसे दार चौकटीत. जावईबापूंनी सुटकेचा श्वास सोडला. मग नवी प्रत कचेरीच्या जाड कागदावर छापली, फाइलला लावली आणि जुने कागद बारीक फाडून टाकले. चुकीच्या बिलाचा मागमूस ठेवू नये, हा कचेरीचा नियम आहे.

कोणाला बोलले नाहीत. रात्री त्यांना फार छान झोप लागली.

रविवारी संध्याकाळी एका लहानशा हॉलमध्ये घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुणे होते, चहा होता, केक होता. पहिल्या रांगेत क्लॅरिनेटवाला बसला होता, कानामागे हात धरून. शेजारी त्याची बायको. जावईबापूंनी बाजाचा डबा वाहून आणला, स्टँड उभा केला, त्यावर फाइल ठेवली आणि मागे भिंतीशी जाऊन उभे राहिले. पांढरा शर्ट घातला होता. शाबासकी घेताना बरा दिसावा म्हणून.

बायकोने फाइल उघडली. पहिला स्वर कालच्या जागी नव्हता. तिने मान वर करून नवऱ्याला शोधले. नवऱ्याने भिंतीजवळून सावकाश मान हलवली, सगळे मी बघितले आहे, अशी. पियानोच्या बाईंनी तिला शिकवले होते, की समोर जो कागद असेल तो खरा. कागदावर आता 'सी'च्या जागी 'डी' होता. 'डी' म्हणजे खळगीपासून दोन बटणे वर. तिने बोट दोन बटणे वर नेले आणि सुरुवात केली.

चाल एका घरात, बास शेजारच्या घरात आणि मधली भिंत कोसळलेली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने कप खाली ठेवला. कोणीतरी खोकले. जावईबापूंना वाटले, बाजा बिघडला.

"बाबा, कागद बदललाय," मुलगी दातांआडून म्हणाली. "मला एवढं सगळं दोन खाली करून वाचता यायचं नाही. थांबू?"

मास्तर तिच्या डाव्या बाजूला, बासाजवळ बसले होते. दोन बटणांचा फरक त्यांच्या पहिल्या तीन ठोक्यांतच लक्षात आला होता. थांबवायला त्यांनी प्लॅस्टरचा हात उचलला. आणि त्यांची नजर क्लॅरिनेटवाल्यावर गेली.

क्लॅरिनेटवाल्याचे डोळे मिटलेले होते. त्याचा बूट जमिनीवर पडत होता. एक जड, दोन हलके. तोंडावर अशी तृप्ती, जशी घट्ट बूट काढल्यावर येते. त्याला भांडण ऐकूच येत नव्हते, कारण भांडणारी एक बाजू त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हती. आणि बास आपल्यापुरता चोख होता. अख्खी रांग दोन पावले पुढे सरकून उभी राहिली, तर रांगेत काय बिघडते?

मास्तरांनी हात खाली घेतला.

"थांबू नकोस. उजवा हात उचल."

"काय?"

"उजवा उचल. नुसता डावा वाजव."

"अहो बाबा, लोक काय—"

"लोकांचं मी काही देणं लागत नाही. याचं लागतो."

तिने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. भांडण थांबले. उरला तो बास. ढप्, टिक्, टिक्. ढप्, टिक्, टिक्. पाहुणे सावरून बसले. त्यांना वाटले, ही सुरुवात असेल. सुरुवात बराच वेळ चालली.

"गाणं कधी येणार?" एकाने शेजाऱ्याला विचारले.

"येईल की. ही साथ चाललीय."

"कोणाला?"

शेजाऱ्याला सांगता आले नाही. क्लॅरिनेटवाल्याच्या बायकोचे कान शाबूत होते. ती नवऱ्याच्या कानाशी वाकून ओरडली, "अहो, चाल कुठंय? मला चाल ऐकू येत नाही!"

"तुलाही नाही येत?" क्लॅरिनेटवाला कळवळून म्हणाला. "वय झालं आपलं. जाऊ दे, बास ऐक. बास बघ कसा चाललाय."

आणि तो उठला, बायकोचा हात धरून तिलाही उठवले, आणि खुर्च्यांच्या मधल्या जागेत तिला हळूहळू फिरवू लागला. फिरवता फिरवता गुणगुणू लागला. चाल त्याला पाठ होती. मास्तरांच्या बासावर ती त्याने शेकडो संध्याकाळी फुंकली होती. आवाज घोगरा, दमही पुरत नव्हता, पण बसला तो बरोबर बासाच्या घरात, दोन पायऱ्या वर. पाहुण्यांना शेवटी चाल सापडली. दोघे-चौघे तिच्यामागे गुणगुणू लागले. मुलीचा डावा हात कागदावरचे एकेक बटण चुकीच्या जागी, बिनचूक वाजवत राहिला. शेवटचा तुकडा आला, बास जिना उतरून खाली आला आणि थांबला.

क्लॅरिनेटवाल्याने चष्मा पुसला. मग टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या, काहींनी कौतुकाने, काहींनी संपले म्हणून.

जावईबापू लगबगीने पुढे आले.

"कागद का बदलला हो तुम्ही?" बायकोने विचारले.

"चुकला होता. यंत्रावर लावून बघितलं मी."

"माझी खळगी दोन बटणं वर आहे," मास्तर म्हणाले. "इतरांची खाली असते."

"मग बाबा, हे आधी नाही का सांगायचं?"

"विचारलं कोणी?"

एवढ्यात क्लॅरिनेटवाला समोर आला. हातात चहाचा रिकामा कप होता. ऐकू न येणारी माणसे बोलतात तसा तो सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे बोलला.

"मास्तर! पस्तीस वर्षं झाली, पण एक बटण इकडचं तिकडे झालं नाही!"

मुलगी बाजाचे पट्टे सोडवू लागली. जावईबापूंना वाटले, आता आपली वेळ. ते एक पाऊल पुढे आले, शर्ट ओढून सरळ केला आणि म्हणाले, "मी लिहिलंय ते. कॉम्प्युटरवर."

त्यांच्या त्या बारीक आवाजातले एक अक्षर क्लॅरिनेटवाल्याच्या कानात शिरले नाही. त्याने समोरच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिले, पांढऱ्या शर्टाकडे पाहिले आणि रिकामा कप त्यांच्या हातात दिला.

"साखर कमी टाक रे," तो म्हणाला.

मग मास्तरांनी आपला धड असलेला उजवा हात पुढे केला.

"फिटलं?" त्यांनी खालच्या, जड आवाजात विचारले.

"फिटलं," क्लॅरिनेटवाला म्हणाला.